दिवस वाईट असला तरी आभार कसे मानायचे

बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना, असं लिहिलंय, सर्व स्थितीबद्दल नाही, हा फरक आधी डोक्यात बसवा म्हणजे आजारपणालाच थँक्यू म्हणायची जबरदस्ती उरत नाही. रात्री प्रार्थनेला बसलात की पहिलं रडगाणं मोकळं करा, बायबलमधल्याच स्तोत्र १३ मध्ये तर देवाला कुठवर, कुठवर असं चारदा विचारलंय आणि शेवट मात्र गाण्याने केलाय. मग दोन-तीन बारीक गोष्टी नाव घेऊन मोठ्याने बोला, "सगळ्यासाठी आभार" असलं गोलगोल नको (ते मला तरी पाठ केल्यासारखं वाटतं). आई अ‍ॅडमिट होती तेव्हा माझी यादी एवढीच: सुई एकदाच टोचावी लागली, शेजारच्या बेडवाल्या काकूंनी अर्धा कप चहा दिला. काहीच सुचलं नाही तर नुसतं बसा.