लॅपटॉपवर व्हीएममध्ये लिनक्स: डाउनलोड सुरू करण्याआधी

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणजे विंडोज चालू असतानाच त्याच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक; लिनक्स त्यात बसतं. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स घ्यायचं, व्हीएमवेअर, की विंडोजमध्येच आहे ते वापरायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा तुमचा लॅपटॉपच देऊन टाकतो. म्हणून आधी त्याची झडती घ्या. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर या. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसायला हवं. डिसेबल्ड असेल तर बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) उघडावा लागेल. लॅपटॉप सुरू होतानाच कळ दाबायची: एचपीवर बहुधा एफ१०, डेल आणि एसरवर एफ२. इंटेलच्या मशीनवर हा पर्याय व्हीटी-एक्स किंवा ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने असतो, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’.

पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन मालकाला न सांगताच चालू असतं, आणि बायोस बदलला की पुढच्या वेळी ते की मागू शकतं. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप घेताना ते खातं दुकानातल्या पोराने त्याच्याच नंबरवर उघडून दिलं असेल, तर ते आधी निस्तरा.

मग रॅम. ८ जीबी असेल तर लिनक्सला ४ जीबी आणि २ कोर, त्याहून जास्त नको. ६ दिलेत तर विंडोज डिस्कवर स्वॅप करू लागतं (रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरतं) आणि दोन्ही सिस्टिम रांगतात. ४ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएमचा नाद सोडा, पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारं) लिनक्स चालवा. एसएसडीवर निदान ४० जीबी जागा मोकळी हवी. व्हीएमची डिस्क ‘डायनॅमिक’ (लागेल तशी वाढणारी) ठेवली तरी ती फक्त फुगते. आतल्या फाइली पुसल्या म्हणून आपोआप आकसत नाही.

आता निवड. विंडोज होम असेल तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजमधलंच व्हीएम चालवायचं साधन, बाद. ते प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्येच मिळतं. नुसत्या कमांड, पायथन, सी कंपायलर एवढंच हवं असेल तर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्सच्या कमांड चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) पुरेसं आहे, आणि ते होमवरही चालतं. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी पूर्ण डेस्कटॉप, पार्टिशन, नेटवर्कचे प्रयोग करायचे असतील तर व्हर्च्युअलबॉक्स. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे आणि त्यात डेस्कटॉप जास्त सफाईने हलतो; मात्र डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं काढायची खटपट आहे. १६ जीबी रॅम असेल तर आमचा कौल व्हीएमवेअरला, ८ असेल तर व्हर्च्युअलबॉक्सवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती.

डब्ल्यूएसएल-२ आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही एकत्र ठेवायची हौस असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. डब्ल्यूएसएल-२ किंवा विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमधल्या ‘कोअर आयसोलेशन’मधलं मेमरी इंटिग्रिटी चालू असलं की विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) प्रोसेसरवर बसतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागून काम करावं लागतं. खूण सोपी: व्हीएमच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे चिपचं चित्र असतं तिथे, हिरवं कासव दिसतं. कासव म्हणजे बिघाड नव्हे, पण माउस अडखळतो आणि बूट लांबतं. मेमरी इंटिग्रिटी बंद केली तर सुरक्षेचा एक थर जातो, हायपरव्हायझर बंद केला तर डब्ल्यूएसएल-२ थांबतं. डब्ल्यूएसएल रोज लागत असेल तर कासव सहन करा.

आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल करायची फाइल) मोबाइलच्या डेटावर उतरवायला बसू नका. उबुंटू २४.०४ डेस्कटॉप ६ जीबीच्या आसपास आहे, मिंट एक्सएफसीई त्याच्या निम्म्याच्या आत. मित्राकडून आणणार असाल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करून न्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि हे निपाणीहून बेळगावला येऊन कळलं तर बसभाडं वाया. आणल्यावर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ चालवून आकडा मूळ साइटवरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉलच्या मध्येच घात करते.

व्हीएमचं नेटवर्क ‘नॅट’वरच (विंडोजच्याच जोडणीतून इंटरनेट) ठेवा. ‘ब्रिज्ड’ (व्हीएम नेटवर्कवर वेगळा संगणक म्हणून) वायफायवर पुष्कळदा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताच, घेत नाही, आणि लॉगिन पान असलेल्या हॉस्टेलच्या वायफायवर तर डोकेदुखी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर (विंडोज आणि लिनक्स दोघांना दिसणारा) चालवणारी गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकण्याआधी लिनक्समध्ये बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि कर्नलचे हेडर ही पॅकेजं हवीत. नाहीतर मोड्यूल बनत नाही आणि शेअर्ड फोल्डर चालत नाही. सगळं झाल्यावरही फोल्डर उघडताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तुमचा युजर व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये घालायचा राहिलाय. घाला आणि लिनक्स रीस्टार्ट करा.

बेळगाव-निपाणीच्या या सीमाभागात ड्युअल बूटपेक्षा (एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टिम, सुरू करताना एक निवडायची) व्हीएम बरं, याचं मोठं कारण लिपी आहे. कन्नड अर्जांसाठी नुडी आणि मराठी छपाईसाठी श्रीलिपी ही टायपिंगची सॉफ्टवेअर विंडोजवर लागतातच. त्यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाइली लिनक्समध्ये तो फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसतात. तेवढ्यासाठी दर वेळी लॅपटॉप रीस्टार्ट कोण करणार? उलट व्हीएममध्ये टायपिंगची सोय वेगळी करावी लागते. विंडोज गेस्टला (आतल्या लिनक्सला) अक्षर देत नाही, कोणती कळ दाबली एवढंच कळवतं. त्यामुळे विंडोजमध्ये मराठी निवडलेलं असलं तरी लिनक्समध्ये इंग्रजीच उमटतं. आयबस आणि एम१७एन ही लिनक्समधली टायपिंगची साधनं टाकून मराठी इन्स्क्रिप्ट आणि कन्नड कगप असे दोन्ही लेआउट आतच जोडा. नुडीवर हात बसलेल्यांना कगप लगेच जमतो. भाषा बदलायची कळजोडी विंडोज-स्पेस सोडून दुसरी ठेवा.

इन्स्टॉल आणि पहिलं मोठं अपडेट बॅटरी भरलेली असताना, चार्जर लावून करा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि जुनी बॅटरी व्हीएम चालू असताना अर्धा तासही टिकत नाही. लाईट गेली की व्हीएमची खिडकी बंद करून ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा; मशीन आहे त्या जागी गोठतं. दोन्ही लेआउट चालले, शेअर्ड फोल्डर उघडला की व्हीएम बंद करून एक स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या. नंतर काही बिघडलं तर इथपर्यंत परत येता येतं; पण डिस्कच मेली तर स्नॅपशॉटही तिच्यासोबत जातो, तेव्हा प्रोजेक्टच्या फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या काढा.