ॲक्सेंट २ हा रंग नाही रे बाबांनो

एक्सेल-पॉवरपॉइंट येतं एवढ्यावर ऑफिसात चिकटलेल्यांसाठी लिहितोय. विषय फाइलच्या थीम कलर्सचा, ॲक्सेंट २ हा त्यातलाच एक खाना. मी पण तसाच चिकटलो, रत्नागिरीत, आंबा बाहेर पाठवणाऱ्या एका शेठकडे. काम म्हणजे रेटलिस्ट, डीलरना दाखवायचं प्रेझेंटेशन, पेटीवरच्या लेबलचा नमुना. रंग तीनच ठरलेले, हापूसचा केशरी, पानाचा गडद हिरवा आणि पेटीतल्या पेंढ्याचा पिवळट. तीन रंगांत काय चुकणार?

तर मी काय केलं, व्हॉट्सॲपवर आलेला लोगोचा फोटो स्लाइडवर टाकला, आयड्रॉपरने (चित्रातल्या ठिपक्याचा रंग उचलायचं बटण) रंग उचलला आणि जिथे लागेल तिथे ओतत सुटलो. रिसेंट कलर्समध्ये तो दिसायचा, मग वाटायचं हीच आपली पॅलेट, म्हणजे ठरलेल्या रंगांचा संच. सिनियरला विचारलं तर म्हणे, "मेल्या, हिरवा दिसतोय ना? मग झालं!" असले गुरू प्रत्येक ऑफिसात एक असतोच. माणूस वाईट नाही हो, चहा नेहमी तोच पाजायचा, पण दिसतंय म्हणजे झालं असं शिकवणाऱ्याकडून कॉम्प्युटर शिकू नका.

मार्च तोंडावर आला आणि शेठ बोलले, हिरवा जरा कैरीसारखा करा. ३४ स्लाइड. मी शोधतोय रंग बदलायची एकच जागा कुठे आहे, फॉन्ट बदलायला रिप्लेस फॉन्ट्स आहे ना, तसं रंगाला काहीतरी असेलच, तर नाहीच! एकेक चौकट, एकेक टेबलाची रेघ, चार्टची प्रत्येक दांडी हाताने बदलली, त्यात लाईट दोनदा गेली आणि यूपीएस तर नावालाच. आणि करताना कळलं की माझा हिरवा एक नव्हताच. तो फोटो व्हॉट्सॲपवर दाबून लहान होऊन आलेला, आयड्रॉपर एक ठिपका इकडेतिकडे झाला की रंगाचा वेगळा आकडा, त्यामुळे चार-पाच हिरवे जमले होते.

आता नीट वाचा, कारण मी इथेच अडकलो. रंगाच्या खिडकीत वर थीम कलर्सचे, म्हणजे त्या फाइलला लावलेल्या रंगसंचाचे चौकोन असतात, खाली मोअर कलर्स. दोन्हीकडून केशरी मिळतो, दिसायला सेम, पण आत वेगळं. एसटीचं समजा. मोअर कलर्स किंवा आयड्रॉपर म्हणजे तुम्ही प्रवाशाचं नाव लिहिलंत, तो कुठल्याही गाडीत तोच. थीममधला ॲक्सेंट २ म्हणजे १२ नंबरची सीट. या गाडीत तिथे कोण बसलंय ते थीम ठरवते. शेठने प्रवासी बदलला की ३४च्या ३४ स्लाइडवर आपोआप बदलतो, कारण स्लाइडवर फक्त सीट नंबर लिहिलेला असतो. चौकोनांखालच्या फिकट-गडद छटासुद्धा त्या सीटवरूनच निघतात, त्याही बदलतात.

पण हेच उलटं पण चावतं. पुढच्या सीझनला शहाणा होऊन सगळं थीमवर केलं आणि आमच्या सहा स्लाइड दुसऱ्यांच्या मोठ्या प्रेझेंटेशनमध्ये पेस्ट केल्या. आंबा निळा! गाडी बदलली, १२ नंबरवर दुसराच बसलेला. पेस्ट करताना पॉवरपॉइंट समोरच्या फाइलची थीम घेतो, आपण मुद्दाम कीप सोर्स फॉरमॅटिंग निवडायचं असतं. मी ते मीटिंगच्या १० मिनिटं आधी शिकलो.

घाबरू नका, करायला पाव तास पण लागत नाही. पॉवरपॉइंटात डिझाइन, व्हेरिएंट्सचा खालचा बाण, कलर्स, कस्टमाइझ कलर्स. एक्सेलात पेज लेआउटमध्ये कलर्स. एकूण १२ खाने, मजकूर-बॅकग्राउंडचे ४, ॲक्सेंटचे ६, लिंकचे २. आकडे फोटोवरून उचलू नका, लोगो ज्याने बनवला त्याच्याकडून आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा किती ते सांगणारे) तीन आकडे मागून घ्या आणि वहीत लिहा, हो, कागदाच्या वहीत.

सेव्ह केलेला कलर सेट तुमच्याच मशीनवर राहतो, युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, टेम्प्लेट्स, डॉक्युमेंट थीम्स, थीम कलर्स असं आत गेलं की एक्सएमएल फाइल दिसते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. आमचं विंडोज पावसाळ्यात फॉरमॅट झालं तेव्हा जुन्या फाइलींतले रंग शाबूत होते, कारण थीम फाइलबरोबर जाते, पण नवी फाइल उघडली तर यादीत आमच्या कलर सेटचं नाव गायब. लिब्रेऑफिसवाल्यांनो, तुमची पॅलेट एसओसी फाइलमध्ये असते, पण तिच्यातून उचललेला रंग डॉक्युमेंटमध्ये नुसता आकडा होऊन बसतो, म्हणजे नंतर पॅलेट बदलून जुनी फाइल बदलत नाही.

छपाईचं थोडक्यात. पॉवरपॉइंट आरजीबीत चालतो, प्रेस सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत कैरी-हिरवा पेटीवर मळका येणारच. एक प्रूफ (छापून बघायचा नमुना) काढून शेठच्या हातात द्या आणि त्यावर सही घ्या. आमच्या शेठनी यंदा परत गडद हिरवा सांगितलाय, एक खाना बदलला, चहा प्यायला गेलो. लिंकचे दोन खाने तेवढे विसरलो होतो, वेबसाइटचा पत्ता अजून निळाच आहे.