आधी पासंग बघा: जीटी-आर आणि ९११ टर्बोची तुलना कशी करायची

माझे वडील कोल्हापूरच्या गूळ बाजारात तोलार होते. गुळाचा रवा काट्यावर चढवायच्या आधी ते रिकाम्या पारड्यांकडं बघायचे. एखादं जरा खाली असलं की दुसऱ्यात खडा टाकून काटा सरळ करायचे. तो खडा म्हणजे पासंग. मी आता जर्मनीत, श्टुटगार्टजवळ गिअरबॉक्स टेस्टिंग करतो, आणि कुणी ना कुणी विचारतंच, "निस्सान जीटी-आर भारी की पोर्शे ९११ टर्बो?" मी उलट विचारतो, आकडे कुठनं आणलेस?

इचलकरंजीचा एक दोस्त इथंच असतो. सेकंड हँड घ्यायची म्हणून त्यानं दोन्ही गाड्यांची वही भरवली होती. पहिल्याच पानावर घोळ. जीटी-आर २०१७ची, ५७० पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), आणि टर्बो २००७ची, ४८० पीएसची! जीटी-आरची ही आर३५ पिढी २००७ ते २०२५ इतकी वर्षं बनली आणि दरम्यान ताकद वाढतच गेली. ९११च्या त्या वेळच्या, म्हणजे ९९७ पिढीच्या टर्बोतही २००९ला इंजिन ३.६ लिटरचं ३.८ झालं आणि पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. म्हणून आधी वर्ष पक्कं करा. आम्ही सुरुवातीची जीटी-आर आणि ३.६ लिटरची मॅन्युअल टर्बो धरली. खरी भांडणं याच दोघींची होती.

ताकदीचे आकडे एकाच एककात लिहा. पीएस, बीएचपी आणि किलोवॅट यांची सरमिसळ वहीत हमखास होते. ४८० पीएस म्हणजे ३५३ किलोवॅट, म्हणजेच ४७३ बीएचपी. जपानी जीटी-आर सुरुवातीला ४८० पीएसची होती, युरोपात आली ती ४८५ची. मग वजन. जीटी-आर १७४० किलो, टर्बो १५८५. पोर्शेच्या कागदावर १६६० असाही आकडा दिसेल. तो युरोपीय नियमाचा, त्यात ड्रायव्हर आणि थोडं सामान मिळून ७५ किलो धरतात. दोस्तानं नेमका तोच जीटी-आरच्या बिनड्रायव्हरच्या वजनासमोर मांडला होता. १५८५ धरलं तर टर्बोत एका पीएसवर ३.३ किलो येतात, जीटी-आरमध्ये साधारण ३.६. कागदावर टर्बो पुढं.

शून्य ते शंभरमध्ये अजून एक मेख आहे. अमेरिकेतली मासिकं शून्य ते साठ मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर. शिवाय बरीचशी गाडी पहिला फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. त्यात पाव सेकंदाच्या आसपास सहज वाचतो. युरोपातला शंभरचा आकडा आणि अमेरिकेतला साठचा आकडा शेजारी ठेवून "बघ, केवढा फरक!" म्हणणारे मला रोज भेटतात.

आता न्युर्बुर्गरिंग, जर्मनीतला लांबलचक रेस ट्रॅक. सगळी वादावादी शेवटी इथं येते, म्हणून जरा थांबूनच सांगतो. एप्रिल २००८मध्ये तोशिओ सुझुकीनं जीटी-आर ७ मिनिटं २९ सेकंदांत फिरवली, असं निस्साननं जाहीर केलं. पोर्शेवाल्यांना पटलं नाही. त्यांनी अमेरिकेतून एक जीटी-आर विकत आणली, स्वतः चालवली आणि सांगितलं, आमच्या हातात ७:५४. निस्साननं ते मान्य केलं नाही. पंचवीस सेकंद! यात खोटं कोण, हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. टायर कुठले, हवा किती गार, ड्रायव्हरला ती गाडी किती दिवस मिळाली, हे विचारा. दुसऱ्याच्या गाडीत दोन दिवसांत कुणी आपल्या गाडीइतकं धाडस करत नाही. मला विचाराल तर तुलनेला दोन्ही गाड्या एकाच माणसानं, एकाच दिवशी फिरवलेल्या वेळाच घ्याव्यात, मग त्या कितीही संथ असोत.

आणि लॅप किती लांबीचा तेही बघा. जुन्या वेळा बहुतेक २०.६ किलोमीटरच्या असतात, पूर्ण लॅप २०.८३२चा. २०२१मध्ये मान्थाय या रेसिंग कंपनीच्या किटसह ९११ जीटी२ आरएसनं पूर्ण लॅप ६:४३.३० मध्ये मारला, तर त्याच फेरीत २०.६ची वेळ ६:३८.८३५ होती. म्हणजे साडेचार सेकंद नुसते मोजपट्टीचे.

वही मिटली की गाडी बघायला जा. विकणाऱ्याला आधी फोन करा: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर हात लावून बघा गार आहे का. (पोर्शेचं बॉनेट गारच लागणार, तिथं डिकी आहे. हात मागं लावा.) टायरच्या बाजूवर चार आकडे असतात; ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. आम्ही बघितलेल्या जीटी-आरची नक्षी खोल होती, पण टायर सहा वर्षांचे, रबर कडक. त्या दिवशी ती वळणावर घसरली, ते गाडीचं नव्हे तर टायरचं, हे आम्ही तिथल्या तिथं लिहून ठेवलं.

जीटी-आर न्यूट्रलमध्ये उभी असताना बेल हाउसिंगकडनं (इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या कवचाकडनं) खडखड येते का ऐका, आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याची पावती मागा. संथ चालताना मागून थोडे ठोके येतात, त्याला घाबरू नका. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशीच बसवलाय. टर्बोत कूलंटचे पाइप वेल्ड केलेत का विचारा, कारण मुळात ते गोंदानं बसवलेले असतात आणि वयानं सुटतात.

चालवताना माझा एक नियम आहे: पहिली गाडी, दुसरी गाडी, पुन्हा पहिली. रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. दुसरी गाडी नेहमी पहिलीच्या सावलीत चालवली जाते, तिसऱ्या फेरीत ती सावली सुटते. आम्ही टर्बोपासून सुरुवात केली. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागं लटकलेलं असल्यानं मागं ३०५चे रुंद टायर आणि पुढं फक्त २३५चे. खडबडीत वळणावर पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात वळवळतं. ॲक्सिलरेटर अचानक सोडू नका एवढंच. जीटी-आरचं इंजिन पुढं, टायर २५५ आणि २८५चे, त्यामुळं नाक जमिनीला चिकटून. वळणातून बाहेर पडताना चार चाकांत ताकद कशी वाटायची ते ती स्वतःच ठरवते. डॅशबोर्डच्या पडद्यावर ती वाटणी दिसतेही. तो पडदा ग्रान तुरिझ्मो हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलनं आखलाय. चालवताना त्याच्याकडं बघू नका, शेजारच्याला बघू द्या.

प्रत्येक फेरीनंतर एकमेकांशी बोलायच्या आधी दोन ओळी लिहायच्या. बोललं की एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं. दोस्तानं जीटी-आरबद्दल लिहिलं, "मी काही विशेष केलं नाही, तरी वेग खूप. टायर बदलून परत बघायची." टर्बोबद्दल, पहिल्या फेरीनंतर, "क्लच जड, घाम आला." तिसऱ्या फेरीनंतर त्याच ओळीखाली, "घाम आला, पण उतरू वाटेना."

ते कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. गाडी त्यानं अजून घेतलेली नाही. दोन्हींच्या इन्शुरन्सचं कोटेशन यायचंय.