नवतपा धरून टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवणे

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो अंक, वाढवावे असे वाटण्यामागे बहुधा एकच कारण असते. टर्बो भरण्यापूर्वी, म्हणजे दोन हजार आरपीएमच्या खाली, गाडी मरगळलेली वाटते. हिंगणघाटच्या बाजारातून चार माणसे आणि सरकी ढेपेची दोन पोती घेऊन निघालेल्या गाडीला अर्ध्या अंकाने थोडा उठाव येतो, हे खरे आहे. मात्र साडेनऊचे दहा केल्यावर आदर्श ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या पुस्तकी सूत्राच्या) हिशेबाने कार्यक्षमता 59.4 टक्क्यांवरून 60.2 टक्क्यांवर जाते. यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवून इंजिन खोलू नये.

त्याच सूत्राने दाबाच्या शेवटी होणारे तापमान काढले की खरी गोम कळते. 45 अंशांची हवा आत घेतली, तर साडेनऊऐवजी दहाच्या कॉम्प्रेशनमुळे ते तापमान सुमारे 16 अंशांनी वाढते. कॉम्प्रेशन दहावरच ठेवून आत येणारी हवा 25 ऐवजी 45 अंशांची झाली, तर वाढ सुमारे 50 अंशांची होते. आपल्याकडचा मे महिना, त्यातही अखेरचा नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, इंजिनाला नॉकिंगकडे (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याकडे) ढकलतो तो असा, अर्ध्या अंकाच्या तिप्पट जोराने. म्हणून पहिला पाना टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला लावावा, सिलिंडरवरच्या झाकणाला म्हणजे हेडला नंतर. जिनिंगच्या हंगामात इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. तो जाळीच्या मागच्या, इंजिनाकडच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, होजचे क्लॅम्प तपासावेत आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान दाखवणारा सेन्सर बसवावा. चढावर पूर्ण बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) असताना ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांहून अधिक तापत असेल, तर आधी मोठा इंटरकूलर घ्यावा.

ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच दहा किंवा त्याहून अधिक आहे, त्याला हात लावू नये. डिझेलचा येथे प्रश्नच नाही.

आता मोजमाप. तीन सिलिंडरचे 1200 सीसीचे इंजिन धरल्यास एका सिलिंडरचे 400 सीसी होतात. साडेनऊ कॉम्प्रेशनला पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्यावर उरणारी जागा 47.1 सीसी लागते आणि दहाला 44.4 सीसी, म्हणजे जेमतेम 2.6 सीसी कमी करायचे आहेत. हे अंदाजाने करण्याचे काम नाही. हेड उलटे करून स्पिरिट लेव्हलने समतल करावे, व्हॉल्व्ह आणि प्लग बसलेले असावेत, कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी चिकटवावी आणि ब्युरेटने (खुणा असलेल्या काचनळीने) पॉवर स्टेअरिंगचे लाल तेल थेंबथेंब सोडावे. तेल लाल असल्यामुळे शेवटचा बुडबुडा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तो निघेपर्यंत आकडा लिहू नये. पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा आणि गॅस्केटची जागाही अशीच मोजून बेरजेत धरावी.

लेथवाला मिस्त्री बहुधा सांगेल, ‘हेड फेस मारून देतो,’ म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून देतो. हा मार्ग स्वस्त असला तरी फसवा आहे. 75 मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) एक मिमी म्हणजे 4.4 सीसी हा हिशेब गॅस्केटला लागू पडतो. हेडमधील खोलगटाचे तोंड बोअरहून लहान असते, त्यामुळे तेवढेच सीसी कमी करण्यास अधिक घासावे लागते. शिवाय हेड खाली आले की टायमिंग चेन सैल पडते, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे टायमिंग मागे सरकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पातळ गॅस्केटने पिस्टन आणि हेड यांच्यातील फट घटते; ती 0.8 मिमीच्या खाली नेऊ नये. माझ्या मते खळगा 2.6 सीसीने लहान असलेले फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन हाच सरळ मार्ग आहे. ते तापल्यावर अधिक फुगतात, म्हणून बोअरची फट पिस्टनसोबतच्या कागदाप्रमाणेच ठेवावी. हेड आवळताना टॉर्क रेंच वापरावा आणि बोल्ट नवे घ्यावेत.

इंजिन बांधल्यावर ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) मॅप, म्हणजे ठिणगी आणि इंधनाचा तक्ता, बदलला नाही, तर नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावरून ईसीयू ठिणगीचे टायमिंग मागे घेतो आणि सगळी मेहनत तेथेच जिरते. सुरुवात बूस्टच्या किमान दाबावर आणि जुन्या मॅपपेक्षा तीन-चार अंश मागच्या टायमिंगवर करावी. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे 108 असल्यामुळे वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल येथे मदतच करते. परंतु पेट्रोलला हवा 14.7 पट लागते आणि इथेनॉलला सुमारे 9 पट, म्हणून मिश्रण लॅम्डामध्येच (आत आलेली हवा भागिले इंधनाला लागणारी हवा) मोजावे आणि पूर्ण भारावर 0.80 ते 0.85 च्या दरम्यान ठेवावे. प्लग एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, घ्यावा.

माझी चूक येथेच झाली. मी मॅप डिसेंबरच्या थंडीत पक्का केला, गाडी पाच महिने उत्तम चालली आणि नवतप्यात तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नॉकिंगने पिस्टनमधून उडालेले ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले. पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटली होती.

म्हणून थंडीत केलेला मॅप कच्चाच समजावा. अंतिम चाचणी मेच्या शेवटी, दुपारी दोननंतर, मोकळ्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीनिशी आणि एसी चालू ठेवून घ्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये वेगमर्यादेत राहून थोडा वेळ पूर्ण बूस्ट द्यावा आणि ईसीयूने किती अंश मागे घेतले याची नोंद सोबतच्या माणसाने ठेवावी. नंतर सावलीत इंजिन निवू द्यावे आणि तिन्ही प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. एकही कण दिसला तर टायमिंग दोन अंश मागे आणि बूस्ट 0.1 बार कमी करून, नवे प्लग लावून, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा निघावे.