बेरियम टायटेनेटचा लूप गरम करत मोजायचा असेल तर (कोल्हापूरचा पाऊस धरून)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक घेतलेली पोरं हमखास विचारतात, दादा रूम टेम्परेचरला लूप (विद्युत फिल्ड आणि पोलरायझेशनचा बंद आलेख) तर आला, आता तापमान वाढवत नेऊन कसा घ्यायचा? म्हणून आपल्या इथल्या हवेत काय काय सांभाळावं लागतं ते एकदा सविस्तर लिहितो. मी बेरियम टायटेनेट धरून बोलतोय कारण त्याचा क्युरी पॉइंट (ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा जातो ते तापमान) 120 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे साध्या ऑइल बाथमध्ये सगळा खेळ बघायला मिळतो.

आधी काय होतं ते डोक्यात पक्कं पाहिजे. 120 च्या खाली टायटॅनियमचा आयन बरोबर मध्यावर बसत नाही, थोडा एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून फिल्ड नसतानाही पोलरायझेशन असतं आणि फिल्ड उलटी केली की डोमेन (एकाच दिशेने पोलराइझ झालेले छोटे भाग) फिरतात, त्याचाच लूप होतो. तापवत गेलं की डोमेन फिरवायला कमी फिल्ड पुरते म्हणून लूपची रुंदी कमी होते, उंचीपण कमी होते, आणि क्युरी पॉइंटच्या वर रचना क्यूबिक झाली की लूप जाऊन जवळजवळ रेघच उरते. तिथेच डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचं (पदार्थ किती चार्ज साठवू शकतो त्या मापाचं) शिखर येतं, आणि त्यापुढे तो क्युरी-वाइस नियमाने, म्हणजे तापमान जितकं वर तितका कमी, असा उतरत जातो.

आता पावसाचं. आमचं पहिलं रीडिंग जुलैमध्ये घेतलेलं, पेलेट (पावडर दाबून भाजलेली सिरॅमिकची चकती) साध्या डबीत टेबलावर आठवडाभर पडलेली, लूप असा फुगलेला आला की आम्ही लई खूश झालो, दुसऱ्या दिवशी तीच पेलेट 110 पर्यंत नेऊन परत 30 ला आणली तर सगळा फुगवटा गायब! म्हणजे आम्ही जे पोलरायझेशन समजत होतो त्यात बराचसा ओलाव्यामुळे होणारा लीकेज करंट (पेलेटमधून गळणारा करंट) होता, आणि तापवल्यावर लूप बारीक झाला तो अर्धा तर नुसता वाळल्यामुळे. म्हणून मोजायच्या आधी पेलेट 150 अंशांला तासभर ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि तिथून थेट तेलात सोडा. इलेक्ट्रोडसाठी लावलेली सिल्व्हर पेस्ट कडेवर जराही ओघळलेली असली तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर स्पार्क तिथूनच उडणार.

सर्किट आपलं सॉयर-टॉवरचं, 1930 पासून चालत आलेलं, पेलेटच्या सिरीजमध्ये एक मोठा रेफरन्स कपॅसिटर, त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून चार्ज कळतो. आकडे करून बघा म्हणजे भीती जाते. पेलेट 1 मिमी जाड आणि 10 मिमी व्यासाची असेल तर 2000 व्होल्ट पीक दिले की फिल्ड 20 किलोव्होल्ट प्रति सेमी झाली, क्षेत्रफळ 0.785 चौरस सेमी, पोलरायझेशन समजा 10 मायक्रोकुलंब प्रति चौरस सेमी आलं तर चार्ज 7.85 मायक्रोकुलंब, आणि 1 मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरवर 7.85 व्होल्ट दिसतील. रेफरन्सला सिरॅमिक कपॅसिटर अजिबात लावू नका, तो स्वतःच बेरियम टायटेनेटचा असू शकतो आणि त्याचंही मूल्य तापमानाने, व्होल्टेजने बदलतं. स्कोपचा प्रोब 10एक्सवर ठेवा, 1एक्सच्या 1 मेगाओहमवर कमी फ्रिक्वेन्सीला चार्ज प्रोबमधूनच निसटतो आणि लूप उगाच उघडा दिसतो. 2000 व्होल्ट जीवघेणे आहेत, एकट्याने काम करू नका, एक हात मागे ठेवायची सवय लावा.

तेल सिलिकॉनचंच घ्या, खायचं तेल नको, ते धूर करतं आणि त्यात पाणी असतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पेलेटच्या अगदी शेजारी पण ग्राउंडच्या बाजूला हवा, बाथच्या तळाशी ठेवला तर रीडिंग वेगळंच येतं. 30 ते 100 पर्यंत 10-10 अंशांच्या पायऱ्या पुरतात, 100 ते 130 मात्र 2-2 अंशांनी जा, आणि प्रत्येक पायरीला किमान दहा मिनिटं थांबा, इथेच सगळ्यांची घाई होते. गार होतानाही पूर्ण सेट घ्या, कारण चढताना आणि उतरताना क्युरी पॉइंट काही अंशांनी वेगळा येतो, ती चूक नाही, ते संक्रमण पहिल्या प्रकारचं (फर्स्ट ऑर्डर, हळूहळू नव्हे तर एकदम उडी मारून होणारं) आहे म्हणून तसं होतं.

क्युरी पॉइंटच्या किंचित वर डोळे उघडे ठेवा. तिथे जोरदार फिल्ड लावली की क्यूबिक झालेला पदार्थ पुन्हा फेरोइलेक्ट्रिक होतो, फिल्ड शून्यावर आली की परत क्यूबिक, म्हणून मध्ये चिमटलेला, दोन टोकांना दोन छोटे लूप असलेला आकार दिसतो. मर्झने 1953 मध्ये एकस्फटिकात हे दाखवलं होतं. सिरॅमिकमध्ये ग्रेन (बारीक स्फटिक-कण) सगळ्या दिशांना असल्यामुळे इतकं स्वच्छ येत नाही, पण कंबर बारीक झालेली दिसली तरी मला तो क्षण अजून भारी वाटतो.

आणि तापमान वाढल्यावर लूप बारीक व्हायच्या ऐवजी जाड व्हायला लागला, टोकं गोल झाली, केळ्यासारखा आकार आला, तर तो लीकेज आहे, त्याला रेमनंट पोलरायझेशन (फिल्ड काढल्यावर उरणारं) म्हणून थिसिसमध्ये लिहू नका. तपासायचं सोपं आहे, त्याच तापमानाला फ्रिक्वेन्सी 50 वरून 5 हर्ट्झवर आणा, लूप एकदम फुगला तर करंट गळतोय, कारण प्रत्येक सायकलला गळायला दहापट वेळ मिळाला. खऱ्या लूपची टोकं अणकुचीदार राहतात.

संपल्यावर व्होल्टेज शून्यावर आणा, सप्लाय बंद करा, आणि इन्सुलेटेड काठीला बांधलेल्या वायरने पेलेटची दोन्ही टोकं शॉर्ट करून तशीच गार होऊ द्या, कारण पोल झालेली पेलेट गार होतानाही स्वतःहून चार्ज तयार करते आणि हात लावल्यावर झटका बसू शकतो.