टेलिकॉम मर्जर मंजूर झालं? 'सगळे मिळालेले आहेत' म्हणण्याआधी हे तपासा

दोन मोबाईल कंपन्या एक होणार अशी बातमी आली की कमेंटमध्ये पहिली शिवी ट्रायला, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाला पडते. गंमत म्हणजे मर्जरला मंजुरी ट्राय देतच नाही. संशय घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, घ्याच, पण योग्य ऑफिसवर घ्या आणि कागद वाचून घ्या, नाहीतर तुमचा राग कुणाच्याच टेबलावर पोचत नाही.

व्होडाफोन-आयडियाचं उदाहरण घेऊ. घोषणा 20 मार्च 2017 ला. जुलै 2017 मध्ये स्पर्धा आयोगाने म्हणजे सीसीआयने हिरवा कंदील दाखवला, जुलै 2018 मध्ये डॉटने म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागाने, मग एनसीएलटीने म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, आणि 31 ऑगस्ट 2018 ला मर्जर पूर्ण. स्पर्धा कमी होईल का हे बघायचं काम सीसीआयचं, लायसन्स-स्पेक्ट्रम-थकबाकी डॉटकडे, कंपनी कायद्याचं एनसीएलटीकडे. ट्राय शिफारशी करतं, दरांवर लक्ष ठेवतं आणि दर महिन्याला ग्राहकांचे आकडे काढतं. ते आकडे पुढे लागणारेत.

आता सीसीआयच्या साइटवर कॉम्बिनेशनच्या (मर्जरला तिथे हेच नाव आहे) सेक्शनमध्ये जाऊन ऑर्डर डाउनलोड करा. भाषा कोरडी असते पण घाबरू नका, सरळ शेवटाकडे जा. तिथे बहुतेक वेळा एक ठरलेलं वाक्य असतं की पक्षांनी दिलेली माहिती चुकीची निघाली तर ही मंजुरी रद्द समजावी. म्हणजे निर्णय बऱ्याच अंशी कंपन्यांनीच दिलेल्या माहितीवर उभा आहे, आणि लोकांचा विश्वास उडतो तो इथेच, माझ्या मते बरोबरच उडतो. मग मागे येऊन बघा की आयोगाने 'बाजार' कशाला म्हटलंय. अख्खा देश एकत्र धरला तर वाटा छोटा दिसतो, सर्कलप्रमाणे, म्हणजे टेलिकॉमच्या एकेका विभागाप्रमाणे धरला तर चित्र बदलतं. आपल्याकडे मुंबई वेगळं सर्कल आहे आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, त्यामुळे पुण्याच्या किंवा पणजीच्या माणसाने देशाच्या सरासरीवर समाधान मानू नये. आणि हो, मार्केट शेअरचे नेमके आकडे बरेचदा झाकलेले असतात, नुसती रेंज दिसते.

म्हणून गणित आपणच करायचं, सोपं आहे. ट्रायच्या रिपोर्टमधून तुमच्या सर्कलचे वाटे घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा. चार कंपन्या 25-25 टक्क्यांवर असतील तर बेरीज 2500. त्यातल्या दोन एक झाल्या तर 50 चा वर्ग 2500, वर उरलेल्या दोघांचे दोन वेळा 625, एकूण 3750. याला एचएचआय म्हणतात, बाजार किती मोजक्या हातांत आहे याचं हे माप, आणि एका झटक्यात एवढी उडी म्हणजे ऑर्डरमध्ये तेवढंच तगडं कारण दिसलं पाहिजे. नुसता आकडा मोठा म्हणून घोटाळा सिद्ध होत नाही हेही खरं, 2016 ला जिओ आल्यावर बाकीच्यांची जी वाट लागली ती सगळ्यांनी बघितलीये. पण कारण दिलंच नसेल तर तो प्रश्न तुमच्याकडे पक्का झाला.

डॉटच्या बाजूला अटी कुणासाठी आहेत ते बघा. व्होडाफोन-आयडियाला अंतिम मंजुरीआधी 7,200 कोटींहून जास्त रक्कम रोख आणि बँक गॅरंटी मिळून द्यावी लागली, कंपन्यांनी ती निषेध नोंदवून दिली. म्हणजे सरकारच्या वसुलीचा बंदोबस्त झाला, रिचार्ज मारणाऱ्याचा काय झाला ते तुम्ही शोधा. शिवाय आता थकबाकीचं शेअर्समध्ये रूपांतर होऊन 2025 पासून त्याच कंपनीत सरकारचा वाटा जवळपास 49 टक्के आहे आणि बीएसएनएल तर सरकारचंच, त्यामुळे पुढच्या कुठल्याही डीलमध्ये परवानगी देणारा आणि मालक एकच असू शकतो हे लक्षात ठेवा.

सही करणारे पुढे कुठे जातात तेही बघायचं. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, जानेवारी 2011 मध्ये केबल कंपनी कॉमकास्ट आणि टीव्ही कंपनी एनबीसी युनिव्हर्सल यांचं डील पास केलं, बाजूने मत देणाऱ्या आयुक्त मेरेडिथ अ‍ॅटवेल बेकर यांनी मे महिन्यात कॉमकास्टकडेच नोकरी धरत असल्याचं जाहीर केलं. कायद्याने चालतं, पण लोक काय समजायचं ते समजले. आपल्याकडे सीसीआयच्या सदस्यांना, आयोगासमोर पक्ष असलेल्या कंपनीत 2 वर्षं नोकरी धरता येत नाही.

आता लिहायचं कधी? मंजुरीनंतर हरकत पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. प्रकरण सविस्तर चौकशीत गेलं तर सीसीआय कंपन्यांना डीलचा तपशील जाहीर करायला लावतं आणि लोकांकडून लेखी हरकती मागवू शकतं, मुदत थोडक्या दिवसांची असते त्यामुळे साइटवर नजर ठेवा. पण पहिल्याच टप्प्यात पास झालं तर ही संधीच येत नाही, हा मला या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा लोच्या वाटतो. ऑर्डर निघून गेली असेल तर एनसीएलएटीत, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणात, अपील आहे, 60 दिवसांत, पण त्याला वकील आणि पैसे लागतात.

राहिला आरटीआय. फी 10 रुपये, ऑनलाइन होतो. 'मंजुरी का दिली?' असं विचारू नका, माहिती अधिकारात मत मिळत नाही, कागद मिळतो. 'अमुक तारखेच्या निर्णयाशी संबंधित फाइल नोटिंग आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी' असं लिहा. व्यापारी गुपित म्हणून कलम 8(1)(d) खाली नकार येईल, बहुतेक येतोच, तेव्हा पहिल्या अपिलात 'गोपनीय भाग झाकून उरलेलं कलम 10 प्रमाणे द्या' असं मागा आणि अपील नकार मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत टाका.