फी जमा होताच पावती: रेझरपेची एपीआय की काढून एनएटएनला कशी जोडायची

लातुरात महिन्याच्या सुरुवातीला अभ्यासिका चालवणाऱ्याची खरी डोकेदुखी फी वसुलीची नसते, फी जुळवण्याची असते. पोरगा बसतो इथे आणि पैसे येतात अंबाजोगाईच्या मामाच्या फोनवरून. बँकेत नाव मामाचं, वहीत नाव भाच्याचं. मग मालक रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्क्रीनशॉट एकेक करून लावत बसतो. हे काम एनएटएनसारख्या (n8n) ऑटोमेशनच्या साधनाला लावून देता येतं: पैसे आले की शीटमध्ये ओळ भरायची आणि पावतीचा मेल धाडायचा. त्यासाठी पेमेंट कंपनीची एपीआय की लागते, म्हणजे एका प्रोग्रामला तुमच्या खात्यातली माहिती मागता यावी यासाठीची किल्ली. इथे रेझरपे धरून सांगतो. इतर कंपन्यांकडे बटणांची नावं वेगळी असतात, पण रीत बरीचशी हीच.

काउंटरवर चिकटवलेला क्यूआर यात येत नाही. त्यावरचे पैसे परस्पर बँकेत जातात, रेझरपेला त्याचा पत्ताही नसतो. फी रेझरपेच्या पेमेंट पेजवरूनच घ्यायची. त्या पेजवर ‘विद्यार्थ्याचं नाव’ आणि ‘आसन क्रमांक’ हे दोन रकाने सक्तीचे करा. भरलेली माहिती पेमेंटच्या ‘नोट्स’मध्ये येते. मामा-भाच्याचा घोळ तिथेच मिटतो.

रेझरपेचं खातं कोणाच्या नावावर?

मालकाच्या. मोबाइल मालकाचा, मेल मालकाचा. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या मेलवर खातं उघडायची आपल्याकडे फार सवय आहे. पोरगा भला असेलही, पण उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली की प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करत बसावं लागतं. त्याला काम करायचंच असेल, तर रेझरपेच्या डॅशबोर्डमधून त्याचं वेगळं लॉगिन काढून द्या.

केवायसीसाठी पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो, जीएसटी नोंदणी असेल तर तीही. पडताळणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, टेस्ट मोड, म्हणजे खरे पैसे न घेता सराव करायची सोय, लगेच वापरता येतो.

की काढणं

डॅशबोर्डवर आधी टेस्ट मोड चालू आहे ना, ते पाहा. मग ‘अकाउंट अँड सेटिंग्ज’मध्ये ‘एपीआय कीज’ उघडा आणि ‘जनरेट की’ दाबा. की आयडी आणि की सीक्रेट अशा दोन गोष्टी मिळतात. आयडीच्या सुरुवातीलाच ‘टेस्ट’ किंवा ‘लाइव्ह’ लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणती की हातात आहे ते लगेच कळतं. सीक्रेट मात्र एकदाच दिसतं. खिडकी बंद केली की पुन्हा नाही, मग नवी कीच काढावी लागते.

आयडी म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर, कोणी वाचला म्हणून बिघडत नाही. सीक्रेटचं तसं नाही. या दोन्ही गोष्टी ज्याच्या हाती, त्याला तुमची सगळी पेमेंट्स दिसतात, पालकांचे फोन नंबर आणि मेल दिसतात, आणि रिफंडही काढता येतो. रिफंड ज्याने पैसे भरले त्याच्याच खात्यावर परत जातो हे खरं, पण म्हणून तुमचं नुकसान टळत नाही. म्हणून सीक्रेट पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नाही, स्वतःलाच केलेल्या मेसेजमध्येही नाही, आणि चार जणांना उघडता येणाऱ्या शीटमध्ये तर मुळीच नाही.

एनएटएनमध्ये भरणं

एनएटएनमध्ये ‘क्रेडेन्शियल’ (लॉगिनची माहिती जपून ठेवायची जागा) नवीन घ्या आणि प्रकार ‘बेसिक ऑथ’ निवडा. युजरच्या जागी की आयडी, पासवर्डच्या जागी की सीक्रेट. नाव असं द्या की सहा महिन्यांनी वाचलं तरी कळेल: ‘रेझरपे टेस्ट अभ्यासिका’.

घाईत कोणी सीक्रेट थेट कोड नोडमध्ये चिकटवतं (नोड म्हणजे एनएटएनमधला कामाचा एकेक टप्पा, आणि टप्प्यांची साखळी म्हणजे वर्कफ्लो). तसं केलं, तर वर्कफ्लोची फाइल कोणाला दिली की सीक्रेटही त्याच्यासोबत गेलं. क्रेडेन्शियलमध्ये ठेवलं तर ते कूटबद्ध राहतं आणि फाइलमध्ये फक्त त्याचं नाव व क्रमांक जातो. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल, तर त्याची ‘एन्क्रिप्शन की’सुद्धा जपून ठेवा. ती नसली, तर सर्व्हर बदलल्यावर जुनी क्रेडेन्शियल्स उघडत नाहीत.

आता की चालते का ते पाहायचं. ‘एचटीटीपी रिक्वेस्ट’ नोड घ्या, मेथड ‘गेट’, पत्ता रेझरपे एपीआयच्या व्ही१ मधल्या ‘पेमेंट्स’चा. ऑथेंटिकेशनमध्ये ‘जेनेरिक’ आणि त्यात आताच केलेलं बेसिक ऑथ. नोड चालवा. पेमेंटची रिकामी यादी आली तरी काम झालं समजा, कारण टेस्टमध्ये अजून कोणी पैसे भरलेलेच नाहीत. ४०१ (की नाकारली) असं आलं, तर बहुतेक वेळा कॉपी करताना मागे रिकामी जागा चिकटलेली असते, नाहीतर टेस्टच्या आयडीला लाइव्हचं सीक्रेट जोडलेलं असतं.

पैसे आल्याची खबर

दर पाच मिनिटांनी रेझरपेला विचारत बसण्यापेक्षा त्यानेच कळवलेलं बरं. त्यासाठी वेबहूक, म्हणजे पैसे आले की रेझरपे ज्यावर आपणहून खबर पाठवतं तो पत्ता. एनएटएनमध्ये ‘वेबहूक’ नोड टाका, मेथड ‘पोस्ट’ ठेवा आणि त्याची ‘प्रॉडक्शन यूआरएल’ उचला. ‘टेस्ट यूआरएल’ फक्त तुम्ही समोर बसून ऐकत असता तेवढ्यापुरतीच चालते. वर्कफ्लो सुरू केल्याशिवाय प्रॉडक्शनचा पत्ताही उत्तर देत नाही, हेही लक्षात असू द्या. रेझरपेच्या सेटिंगमध्ये ‘वेबहूक्स’खाली तो पत्ता भरा आणि इव्हेंट एकच निवडा, ‘पेमेंट कॅप्चर्ड’ (पैसे प्रत्यक्ष घेतले गेले). ‘ऑथराइज्ड’वर पावती फाडायची नाही, कारण त्या टप्प्यावर पैसे नुसते रोखून धरलेले असतात.

तिथे एक सीक्रेट मागतात. ते तुम्ही स्वतः ठरवायचं असतं. एपीआयचं सीक्रेट इथे चिकटवू नका.

रेझरपे उत्तरासाठी पाचच सेकंद थांबतं, म्हणून नोडचं उत्तर ‘इमिजिएटली’वर ठेवा. उत्तर मिळालं नाही, तर ते २४ तास पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि त्यानंतर वेबहूक बंद करून टाकतं. मग डॅशबोर्डवर जाऊन तो हाताने सुरू करावा लागतो. यासाठीच एनएटएन अभ्यासिकेतल्या संगणकावर ठेवू नये असं माझं मत आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, इन्व्हर्टर संपला की खबर अडकली. शिवाय घरातल्या नेटवरचा संगणक बाहेरून सहसा दिसतही नाही. लहानसा भाड्याचा सर्व्हर किंवा एनएटएनची स्वतःची क्लाउड सेवा बरी.

वेबहूकचा पत्ता कोणाच्या हाती लागला, तर तो खोटी खबर पाठवू शकतो. रेझरपे प्रत्येक खबरेसोबत सही पाठवतं. मूळ मजकूर आणि वेबहूकचं सीक्रेट यांवरून एचएमएसी एसएचए-२५६ (गणिती पद्धतीने काढलेला ठसा) काढून ती सही ताडायची असते. मजकूर जसा आला तसाच लागतो, एक स्पेस हलली तरी सही जुळत नाही. नवख्याला इथे वेळ लागतो. तोवर निदान एवढं करा: खबरेतून फक्त पेमेंट आयडी घ्या, तो आपल्या कीने रेझरपेला परत विचारा आणि तिकडून ‘कॅप्चर्ड’ असं उत्तर आलं तरच पुढे जा. रक्कमही तिकडचीच धरा.

शीटमध्ये लिहिताना

रक्कम रुपयांत नाही, पैशांत येते. १२०००० म्हणजे १,२०० रुपये, तेव्हा १०० ने भागा. रेझरपेकडून येणाऱ्या माहितीत ‘फी’ या रकान्यात विद्यार्थ्याची फी नसते, रेझरपेचं शुल्क जीएसटीसकट असतं. शेजारी ‘टॅक्स’ वेगळा दिसतो म्हणून तो पुन्हा वजा केला, तर बँकेत आलेल्या रकमेशी हिशोब जुळत नाही. वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांच्या आकड्यात येते. एनएटएनमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवला नाही, तर १ तारखेच्या पहाटे भरलेली फी मागच्या महिन्यात जाऊन बसते.

एकच खबर दोनदाही येऊ शकते. शीटमध्ये आधी तो पेमेंट आयडी शोधा आणि सापडला तर तिथेच थांबा, नाहीतर एका फीच्या दोन पावत्या जातात.

टेस्टमध्ये खोटं पेमेंट करून सगळं नीट पाहिलं, की लाइव्हकडे वळा. लाइव्हची की, वेबहूक आणि पेमेंट पेज सगळं नव्याने करावं लागतं, टेस्टमधलं आपोआप तिकडे येत नाही. पहिलं पेमेंट आपल्याच फोनवरून १ रुपयाचं करा.

पुढे मदतनीस सोडून गेला किंवा सीक्रेट कुठे दिसलं, तर की पुन्हा काढा. जुनी की लगेच बंद करायची की २४ तासांनी, ते रेझरपे विचारतं. माणूस सहज सोडून गेला असेल तर २४ तास घ्या, तेवढ्यात एनएटएनच्या क्रेडेन्शियलमध्ये नवी भरून होते. सीक्रेट फुटल्याची शंका असेल, तर लगेच बंद करा. दोन-चार पावत्या उशिरा गेल्या तरी चालतील.